लिव्हर ‘पी’मधून निघत नाही? आधी हॉर्नचं बघा

इंदूरला अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. बाबांची नऊ वर्षांची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी आहे, किल्लीनं चालू होणारी. सोसायटीच्या तळघरात जाणाऱ्या उतारावर ती रात्री लावली होती. सकाळी इंजिन लगेच चालू झालं, पण गिअरचा लिव्हर ‘पी’मधून, म्हणजे पार्किंगमधून, हलेना. लिव्हरवरचं बटणही आत जात नाही. बाबांनी जोर लावून पाहिला, शेजाऱ्यांनीही पाहिला. ओळखीच्या मिस्त्रीनं फोनवरच सांगितलं, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल, चाळीसेक हजार धरून चला.’ पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘हॉर्नही वाजत नाहीये, पण ते नंतर बघू. मागच्या आठवड्यात डिक्कीवर एलईडी पट्टी लावून घेतली, तोवर गाडी एकदम छान होती.’

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे. हॉर्न नंतर बघायचा नाही, तोच आधी बघायचा. बऱ्याच गाड्यांत हॉर्न आणि मागचे ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात. तो फ्यूज उडाला की दोन्ही एकदम बंद पडतात. आणि ब्रेक दाबल्याचा करंट पुढे गेला नाही की लिव्हरचं कुलूप उघडत नाही. मी फोनवर निदान करत नाही, पण पैज लावायची झाली तर मी या फ्यूजवर आणि त्या पट्टीवर लावीन. गिअरबॉक्सवर नाही.

कुलूप म्हटलं, ते खरोखरच कुलूप आहे. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हरच्या शेजारी, कन्सोलच्या (दोन सीटांमधल्या प्लास्टिकच्या पेटीच्या) आत एक छोटा सोलेनॉइड असतो, म्हणजे करंट मिळाला की खिळा ओढून घेणारं विजेचं यंत्र. इग्निशन ऑन आहे आणि ब्रेकवर पाय आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की तो खिळा मागे घेतो आणि मगच लिव्हर ‘पी’मधून निघतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडीच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारींचा मोठा गदारोळ झाला होता. चौकशीत बहुतेक ठिकाणी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडल्याचं निघालं, आणि १९८७ साली ऑडीनं जुन्या गाड्या परत बोलावून त्यांत हे कुलूप बसवलं. पुढे तिथं गाडीत खेळणाऱ्या मुलांनी लिव्हर ओढून गाडी घरंगळल्याचे अपघात झाले, म्हणून १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते कायद्यानं सक्तीचं झालं. आपल्याकडे ‘पी’ असलेल्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत हीच व्यवस्था आहे. तेव्हा लिव्हर अडकला म्हणून गाडीला शिव्या देण्याआधी कुलूप कशाची वाट बघतंय ते शोधायचं. ते बहुतेक वेळा ब्रेकच्या पेडलपाशी सापडतं.

‘पण इंजिन तर चालू झालं’ असं तुमचे बाबा म्हणतील. किल्लीच्या गाडीत इंजिन ‘पी’ आणि ‘एन’मध्ये (न्यूट्रलमध्ये) ब्रेक न दाबताही चालू होतं, त्यामुळे त्यावरून ब्रेकच्या स्विचबद्दल काहीच कळत नाही. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथं ब्रेकचा सिग्नल आला नाही तर इंजिनच उठत नाही, नुसते डॅशबोर्डवरचे दिवे लागतात. तरी तिथंही एक गोम आहे: काही स्विचांत दोन वेगळे संपर्क असतात, एक दिव्यांसाठी आणि एक कॉम्प्युटरसाठी. एक मेला आणि दुसरा जिवंत राहिला तर इंजिन चालू होतं आणि लिव्हर मात्र अडकून राहतो.

आता बटणाचं. तुम्ही लिहिलंय की बटण आत जात नाही, हे फार बरं केलं. लिव्हर अडकला एवढंच सांगून लोक आमच्या गॅरेजात गाडी सोडून जातात, तेव्हा पहिला अर्धा तास हेच विचारण्यात जातो. बटण आतच जात नसेल तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ कुलूप धरून बसलंय. बटण नीट आत जातंय पण लिव्हर दगडासारखा आहे, तर गाडीचा भार आत ‘पी’च्या दातावर आलाय किंवा केबल आखडलीय. आणि बटणही जातंय, लिव्हरही लोण्यासारखा फिरतोय, पण गाडी जागची हलत नाही किंवा डॅशबोर्डवर अक्षर बदलत नाही, तर केबल सुटलीय. ज्या गाड्यांत बटण नाही, लिव्हर नागमोडी खाचेतून फिरवावा लागतो, तिथं तो आडवा सरकतो का एवढंच बघायचं.

तुमच्या गाडीत काय करायचं ते क्रमानं सांगतो. गाडी उतारावर आहे, हे लक्षात ठेवूनच सगळं करायचं. पहिलं काम हँडब्रेक पूर्ण ओढणं. दुसरं काम, चाकांच्या उताराकडच्या बाजूला दोन चांगले दगड किंवा विटा लावणं. ‘पी’मध्ये आहे ना, मग कशाला, असं म्हणू नका. आपण ‘पी’मधून काढण्याचाच खटाटोप करतोय, आणि तो निघाला त्या क्षणी गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर असेल.

मग किल्ली ऑन करा, इंजिन चालू न करता. रेडिओ, पंखा बंद. एकाला गाडीच्या मागे पण जरा बाजूला उभं करा, उताराच्या रेषेत अजिबात नाही. ब्रेक दाबा. मागचे दोन आणि वरचा तिसरा, तिन्ही लाल दिवे लागायला हवेत. मदतीला कुणी नसेल तर तळघराच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात बघा, अंधाऱ्या रॅम्पवर हे छान दिसतं. तिन्ही लागत नसतील तर स्विच किंवा फ्यूज. एखादाच लागत नसेल तर तो बल्ब गेलाय, त्यासाठी सहसा लिव्हर अडकत नाही. सगळे लागत असतील, तर कान लिव्हरजवळ न्या आणि पुन्हा ब्रेक दाबा. ‘टक्’ असा बारीक आवाज यायला हवा. दिवे आहेत आणि ‘टक्’ नाही, म्हणजे बिघाड पेडलपाशी नाही, कन्सोलच्या आत आहे.

तुमच्याकडे दिवे लागणार नाहीत असं मी धरून चाललोय. बोनेट उघडा, फ्यूजची काळी पेटी उघडा, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यात ‘स्टॉप’ किंवा ‘हॉर्न’ असं लिहिलेला फ्यूज शोधा. काही गाड्यांत तो पायाजवळच्या पेटीत असतो. पेटीतच प्लास्टिकचा चिमटा दिलेला असतो, त्यानं ओढून काढा. आतली तार तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली की चोर सापडला. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. दहा लाल, पंधरा निळा, वीस पिवळा, हे रंग सगळ्या गाड्यांत सारखेच असतात. कित्येकदा पेटीत जादा फ्यूज ठेवलेले असतात, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो. चांदीचा कागद गुंडाळून किंवा तार घालून काम भागवू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर जळण्यापासून वाचतेय, आणि कागद घातलात तर वाचवणारंच कुणी उरत नाही. पंधराच्या जागी तीसचा घालणं हाही तोच प्रकार.

नवा फ्यूज टिकला, हॉर्न वाजला, दिवे लागले आणि लिव्हर निघाला, तरी काम संपलेलं नाही. फ्यूज उगीच उडत नसतो. इथं तुमची एलईडी पट्टी आली. पट्टी फार करंट खात नाही, त्यामुळे तिच्या ओझ्यानं फ्यूज उडाला असं मला वाटत नाही. घोळ जोडणीत असतो. ॲक्सेसरीवाला मुलगा ब्रेक लाइटच्या वायरचं कव्हर पातीनं सोलतो, पट्टीची वायर तिच्याभोवती पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. डिक्की दिवसातून चार वेळा उघडते-मिटते, बिजागरीपाशी वायर वाकते, उन्हानं टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकते, आणि उघडं तांबं डिक्कीच्या पत्र्याला टेकतं. ब्रेक दाबला की त्या वायरीत करंट येतो, पत्र्यातून शॉर्ट होतो, फ्यूज जातो. आमच्याकडे अशा पट्ट्या काढल्या की आत तीन रंगांच्या टेपा निघतात. ज्यानं त्यानं आपापली गुंडाळलेली असते. पट्टीला माझा विरोध नाही, रात्री मागच्याला गाडी दिसते ते चांगलंच. पण जोड सोल्डर करून पक्का केलेला हवा, वर टेप नव्हे, उष्णतेनं आकसणारी नळी हवी, आणि पट्टीसाठी वेगळा छोटा फ्यूज हवा.

तूर्त गाडी बाहेर काढायचीय आणि फ्यूज हाताशी नाही, तर कंपनीनं ठेवलेली चोरवाट आहे. लिव्हरच्या चौकटीत, साधारण ‘पी’ अक्षराच्या आसपास, नखाएवढं प्लास्टिकचं झाकण असतं. त्यावर कधी कधी ‘शिफ्ट लॉक’ लिहिलेलं असतं, कधी काहीच नाही. पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून ते झाकण उचका, नाहीतर ओरखडा कायमचा राहील. आत एक भोक किंवा कळ दिसेल. इंजिन बंद, किल्ली ऑन, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, पाय ब्रेकवर घट्ट. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर पेडल कडक होतं. घाबरू नका, ब्रेक लागतोच, फक्त जास्त जोर लावावा लागतो. मग किल्लीनं किंवा पेचकसानं ती कळ खाली दाबून धरा, लिव्हरचं बटण दाबा आणि लिव्हर ‘एन’वर आणा. ‘एन’मध्येच इंजिन चालू करा, आणि हँडब्रेक सोडायच्या आधी एकदा खात्री करा की पायाखाली पेडल आहे.

असं काढून गाडी फार तर जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची. लोक या भोकाची सवय लावून घेतात. एक गृहस्थ कन्सोलमध्ये बॉलपेन कायमचं ठेवून महिनाभर गाडी चालवत होते आणि वर कौतुकानं दाखवत होते. त्यांच्या गाडीचे ब्रेक लाइट महिनाभर बंद होते. संध्याकाळी रिंग रोडवर मागून येणाऱ्या डंपरला हे कसं कळणार?

फ्यूज शाबूत निघाला तर स्विचकडे वळा. ब्रेक पेडलच्या दांड्याच्या वरच्या टोकाशी, डॅशबोर्डखाली डोकं घालून बघावं लागतं. टॉर्च घ्या. पेडल वर असताना स्विचची दांडी दाबलेली असते, पेडल खाली गेलं की ती सुटते आणि दिवे लागतात. मल्टिमीटर असेल तर एका वायरीवर सतत बारा व्होल्ट आणि दुसरीवर पेडल दाबल्यावरच बारा व्होल्ट, असं दिसायला हवं. पहिलीवर आहेत आणि पेडल दाबूनही दुसरीवर येत नाहीत, तर स्विच बदला. तो काही शेकड्यांत येतो आणि बसवायला फार वेळ लागत नाही.

या स्विचची एक गंमत आहे. पेडलच्या दांड्याला जिथं स्विच टेकतो तिथं एक भोक असतं आणि त्यात रबराचं किंवा प्लास्टिकचं बटणासारखं बूच बसवलेलं असतं. सात-आठ उन्हाळे काढल्यावर ते वाळून तडकतं आणि एके दिवशी भुगा होतं. मग स्विचची दांडी भोकातून आरपार जाते, गाडीला वाटतं ब्रेक कायम दाबलेला आहे, आणि ब्रेक लाइट रात्रभर जळत राहतात. सकाळी बॅटरी झोपलेली. इंजिन उठत नाही, सोलेनॉइडला करंट पुरत नाही, लिव्हर निघत नाही, आणि मालक नवी बॅटरी घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. अशी गाडी आली की मी बोनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलतो. तिथं निळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकचे चार तुकडे सापडले तर बाकीचं काही तपासावं लागत नाही. तुमची गाडी नऊ वर्षांची आहे, तेव्हा चटई उचलून बघाच. बूच पन्नास-शंभर रुपयांचं असतं.

बॅटरीबद्दल एवढंच: इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसले तर ठीक, बाराच्या खाली गेले तर सोलेनॉइड कधी ‘टक्’ करील, कधी नुसता थरथरेल. आतले दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली असं समजू नये.

दिवे नीट, बॅटरी नीट, पण ‘टक्’ नाही, अशी गाडी आली तर कन्सोल उघडावा लागतो. आणि तिथं इंदूरकरांची खाद्ययात्रा सापडते. सराफ्यातून, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातून, येताना कपहोल्डरमध्ये ठेवलेली दुधाची घट्ट शिकंजी वळणावर लवंडते, कापडानं वरवर पुसली जाते आणि उरलेली लिव्हरच्या चौकटीतून आत झिरपते. चार दिवसांनी साखर आणि दूध वाळून सोलेनॉइडचा खिळा जागच्या जागी चिकटतो. चहानंही हेच होतं, पण शिकंजीचा थर काढायला जास्त वेळ लागतो. कोमट पाण्यात पिळलेलं कापड, मग विद्युत भाग साफ करायचा स्प्रे, आणि पूर्ण वाळल्यावरच प्लग जोडायचा. गंज काढायचा तेलकट स्प्रे वरून फवारू नका. आज लिव्हर सुटेल, पण त्यावर धूळ बसून महिन्याभरात लगदा होईल.

शेवेचा मुद्दा वेगळा. मागच्या सीटवर शेव सांडलेली नसेल तर ती गाडी इंदूरची नव्हेच. शेवेला उंदीर येतात, पावसाळ्यात तर हटकून, आणि कार्पेटखालून जाणारी वायरिंग कुरतडतात. ब्रेक स्विचचा प्लग, सोलेनॉइडची वायर, काहीही. कन्सोल उघडल्यावर लेंड्या दिसल्या तर नुसता सोलेनॉइड बदलून गाडी द्यायची नाही, वायर शेवटपर्यंत तपासायची.

आणखी एक आपल्याकडचीच भानगड म्हणजे गिअर लॉक. चोरीच्या भीतीनं बाहेरून बसवलेला लोखंडी आकडा. ‘पी’मध्ये लिव्हरच्या पुढे तो आडवा येतो. घरातल्या एकानं लावला, दुसऱ्याला ठाऊकच नाही, आणि गिअर अडकला म्हणून गाडी क्रेनवर चढून आमच्याकडे आली, असंही झालंय. कधी त्याचा बोल्ट ढिला होऊन केबलला घासतो. तुमच्या गाडीत तो असेल तर आधी तो उघडा आहे ना ते बघा. लिव्हरच्या खाचेत रुपयाचं नाणं, चॉकलेटचा कागद, मुलांचं खेळणं, हेही टॉर्च मारून बघायचं.

आता उताराचा विषय, कारण तुमची गाडी रॅम्पवर आहे आणि तुमच्या मिस्त्रीच्या डोक्यात बहुधा तेच असावं. गिअरबॉक्समध्ये चाकांकडे फिरती शक्ती नेणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चक्र असतं. ‘पी’ टाकला की एक पोलादी बोट त्या दोन दातांच्या मधे पडतं, विहिरीच्या रहाटाला खुंटी घालून तो अडवावा तसं. सपाट जमिनीवर ते अलगद बसतं आणि अलगद निघतं. उतारावर मात्र आपण घाईत ‘पी’ टाकतो, ब्रेक सोडतो, गाडी चार बोटं घसरते आणि सगळं वजन त्या बोटावर येऊन बसते. मग हँडब्रेक ओढतो, म्हणजे नको तेव्हा. सकाळी लिव्हर ओढताना ते बोट वजनाखालून उपसावं लागतं, म्हणून ताकद लागते आणि निघताना धाडकन आवाज येतो. मांडूला किंवा ओंकारेश्वरला उतारावर गाडी लावून आलेले लोक हा आवाज ऐकून घाबरतात. एकदा झाला म्हणून गिअरबॉक्स मोडत नाही, रोज झाला तर दात झिजतात.

योग्य पद्धत अशी: ब्रेक दाबूनच ‘एन’ करा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. वजन हँडब्रेकवर, ‘पी’ फक्त राखणीला. निघताना उलट: आधी ब्रेकवर पाय, लिव्हर काढा, मग हँडब्रेक. आणि जिथं भार बोटावर येऊनच बसलाय तिथं लिव्हरशी कुस्ती खेळण्याऐवजी दोघांनी गाडी चढाच्या दिशेला किंचित रेटायची, एकानं आत ब्रेकवर पाय तयार ठेवून त्याच क्षणी लिव्हर काढायचा. रेटणारे नेहमी बाजूनं, उताराकडून मागं उभं राहून नव्हे. पण लक्षात घ्या, तुमचं बटणच आत जात नाहीये. म्हणजे आधी कुलूप, नंतर उतार. कुलूप सुटल्यावरही लिव्हर जड लागला आणि निघताना धक्का बसला तर तो उताराचा. त्यानं दचकून ब्रेकवरचा पाय काढू नका, एवढंच बाबांना आधी सांगून ठेवा.

केबलची दुखणी तुमच्याकडे दिसत नाहीत, तरी वाचणाऱ्यांसाठी थोडं. लिव्हरपासून गिअरबॉक्सवरच्या छोट्या हातापर्यंत एक केबल जाते. तिचं रबर फाटून आत पाणी गेलं की ती गंजते आणि लिव्हर सगळ्याच जागी जड होतो, नुसता ‘पी’मध्ये नाही. उलट टोकाचा प्लास्टिकचा बुश, म्हणजे केबलचं टोक धरून ठेवणारं कडं, झिजून गळाला की लिव्हर हलका होतो आणि गिअर बदलतच नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन अक्षरं ताडून बघणं: लिव्हरच्या शेजारचं आणि डॅशबोर्डवरचं. डॅशबोर्डला अक्षर गिअरबॉक्सवरच्या स्विचकडून कळतं. लिव्हर ‘पी’ म्हणतोय आणि डॅशबोर्ड ‘आर’ (रिव्हर्स) किंवा ‘डी’ (ड्राइव्ह), तर डॅशबोर्डवर विश्वास ठेवा, हँडब्रेक ओढा आणि गाडी चालवू नका. हे दिसतं तेवढं किरकोळ नाही. २०२२ साली फोर्डनं याच बुशासाठी अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण मालक ‘पी’ टाकून उतरतो आणि गाडी प्रत्यक्षात ‘पी’मध्ये नसते.

एएमटीवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या गाडीत साधाच गिअरबॉक्स आहे पण क्लच आणि गिअर यंत्र टाकतं त्यांनी, वरचं सगळं जसंच्या तसं लावून घेऊ नये. २०१४च्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे या गाड्या फोफावल्या. त्यातल्या बहुतेकांत ‘पी’च नसतो, आणि लिव्हर म्हणजे फक्त विजेचा स्विच. लिव्हर सहज फिरतो, पण डॅशबोर्डवर ‘एन’ लुकलुकत राहतो, असा त्यांचा अडकण्याचा प्रकार. तिथंही ब्रेकचा स्विच आणि बॅटरी आधी बघायची, मग क्लचचा ॲक्च्युएटर, म्हणजे क्लच दाबणारं यंत्र. गिअरमध्ये ठेवून बंद केलेल्या एएमटीची बॅटरी मेली तर लिव्हर ‘एन’वर नेऊनही आतला गिअर सुटत नाही. ढकलायच्या आधी दुसऱ्या बॅटरीवरून जंपर वायर लावून करंट द्यावा लागतो. गोल चकतीनं किंवा बटणांनी गिअर टाकायच्या नव्या गाड्यांचंही तसंच, तिथं कन्सोल उचकटून काही हाती लागत नाही.

काहीच जमलं नाही आणि गाडी न्यावीच लागली तर टोचन लावून फरफटत नेऊ नका. ‘पी’मध्ये अडकलेली गाडी ओढली तर ते पोलादी बोट किंवा त्याचं घर फुटतं, आणि मग मात्र मिस्त्रीचे चाळीस हजार खरे होतात. ‘एन’मध्ये आणूनही पुढची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायची नाही, कारण ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे आतले भाग कोरडे फिरतात. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी मागवा. फोनवर ‘ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हुकवालाच येतो.

तुमच्या मिस्त्रीला वाईट म्हणत नाही, फोनवर ‘ऑटोमॅटिक’ ऐकलं की बरेच जण हात झटकतात. त्याला एवढंच विचारा की ब्रेक लाइट लागतात का ते पाहिलं का. पाहिलं नसेल तर गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू देऊ नका.

फ्यूज बदललात की एक गोष्ट नीट बघून मला कळवा. फ्यूज घालताच, पेडलला किंवा हॉर्नला हात न लावता उडाला, तर शॉर्ट स्विचच्या अलीकडे आहे. ब्रेक दाबल्यावर उडाला तर पुढच्या वायरीत, म्हणजे डिक्कीकडे. अशा वेळी पट्टीचा जोड सोडवा, उघडी टोकं टेपनं झाका, आणखी एक फ्यूज घालून ब्रेक पुन्हा दाबा. टिकला तर पट्टीवाल्याकडे जा. ब्रेक दाबून काही झालं नाही आणि हॉर्न वाजवताच उडाला, तर डिक्कीला हातही लावू नका, पुढच्या जाळीमागची हॉर्नची वायर बघायची आहे.